मोजपट्टी कोणाची? न दिसणारं मूल वाढवणं आणि आपला संशोधन प्रश्न



पेट झाली, गाइड मिळाले, आता विषय काय घ्यायचा? या टप्प्यावर शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र किंवा समाजकार्याच्या विद्यार्थ्यांच्या वहीत एक शीर्षक हमखास असतं: ‘जालना जिल्ह्यातील अंध बालकांच्या पालकांच्या समस्यांचा चिकित्सक अभ्यास’. विषय चांगलाच आहे. शीर्षकात जिल्हा आहे, घटक आहे, समस्या आहेत, ‘चिकित्सक’सुद्धा आहे. नाही तो फक्त प्रश्न. आरआरसीसमोर पहिलाच सवाल येतो, “यात तुम्ही नेमकं काय मोजणार?” आणि आपण गप्प होतो.

आज याच शीर्षकाला धरून एकच मुद्दा समजून घेऊ. न दिसणाऱ्या मुलाच्या बाबतीत आपण कोणती मोजपट्टी लावतो, यावर ते मूल आपल्याला सापडेल की नाही आणि सापडलं तर कसं दिसेल, हे ठरतं. हा मुद्दा फक्त पुस्तकातला नाही. चुकीची पट्टी लावली की जे मूल नुसतं दिसत नाही म्हणून मागे आहे, त्याच्यावर ‘बुद्धी कमी’ असा शिक्का बसतो. एकदा शिक्का बसला की शाळा बदलते, अपेक्षा बदलतात, घरात त्याच्याशी होणारं बोलणंसुद्धा कमी होतं.

१. आधी मोजायचं कोणाला?

जनगणनेपासून सुरुवात करू, कारण सिनॉप्सिसच्या प्रस्तावनेत आपण सगळे तेच आकडे टाकतो.

२००१च्या जनगणनेत भारतात सुमारे २ कोटी १९ लाख व्यक्ती दिव्यांग म्हणून नोंदल्या गेल्या. त्यात दृष्टीची अडचण असलेले होते सुमारे १ कोटी ६ लाख, म्हणजे जवळपास निम्मे. २०११ मध्ये एकूण आकडा वाढून सुमारे २ कोटी ६८ लाखांवर गेला, पण दृष्टीची अडचण असलेले उरले फक्त ५० लाखांच्या आसपास. दहा वर्षांत अर्ध्याहून जास्त लोकांना दिसायला लागलं का? तर नाही. प्रश्न आणि व्याख्या बदलल्या. २००१ मध्ये एकाच डोळ्याने दिसणाऱ्या व्यक्तीला दृष्टीच्या गटात धरलं होतं, २०११ मध्ये धरलं नाही. बदल असा प्रश्नपत्रिकेत झाला होता.

म्हणून दोन जनगणनांचे आकडे शेजारी ठेवून ‘अंधत्वाचे प्रमाण घटले’ असं वाक्य लिहू नका. परीक्षक जाणकार असेल तर तिथेच थांबवेल.

कायद्याची पट्टी आणखी वेगळी. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ते २१ झाले. अंधत्वाची मर्यादाही बदलली. जुन्या कायद्यात चांगल्या डोळ्याने, चष्मा लावूनही, ६/६० किंवा त्याहून कमी दिसणं म्हणजे अंधत्व होतं. नव्या कायद्यात ती मर्यादा ३/६० झाली. त्याहून थोडं जास्त दिसणारे ‘अल्पदृष्टी’च्या गटात जातात. थोडक्यात, तेच मूल, तेच डोळे, पण कायद्याप्रमाणे नाव वेगळं.

आता तुमच्या अभ्यासाचं बघा. बहुतेक जण काय करतात? विशेष शाळेत जातात किंवा प्रमाणपत्रधारकांची यादी मिळवतात आणि त्यातून नमुना निवडतात. सोपं पडतं, मान्य आहे. पण राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७६व्या फेरीत, म्हणजे जुलै ते डिसेंबर २०१८ मध्ये, देशातल्या दिव्यांग व्यक्तींपैकी फक्त २८.८ टक्के लोकांकडे प्रमाणपत्र होतं. म्हणजे यादीतून नमुना घेतला की दहातली सात माणसं सुरुवातीलाच बाहेर राहू शकतात. हा आकडा देशाचा आणि सर्व वयोगटांचा आहे, तो तसाच जालन्याला चिकटवायचा नाही. पण इशारा म्हणून पुरेसा आहे. ज्या घराने तालुक्याला, जिल्ह्याला खेटे घालून कागद मिळवला, तेच घर यादीत येतं. ज्याला ते जमलं नाही, त्याच्या अडचणी कदाचित जास्त असतील आणि नेमकं तेच घर तुमच्या अभ्यासात नसेल.

मग विचारायचं कसं? “घरात कोणी दिव्यांग आहे का?” असं विचारलं तर कित्येक घरांतून “नाही” येईल. लाज असेल, लेकीच्या लग्नाची काळजी असेल, किंवा तो शब्द आपल्या लेकराला लागू होतो असं वाटतच नसेल. यावर वॉशिंग्टन ग्रुपचे प्रश्न कामाला येतात. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाअंतर्गत बनलेल्या या गटाने सहा साधे प्रश्न तयार केले: बघायला, ऐकायला, चालायला, लक्षात ठेवायला, स्वतःची कामं करायला आणि बोलून समजून घ्यायला अडचण येते का? उत्तरं चार: अजिबात नाही, थोडी, खूप, जमतच नाही. मुलांसाठी युनिसेफबरोबर २०१६ मध्ये वेगळा संच आला. त्यात २ ते ४ आणि ५ ते १७ असे दोन वयोगट आहेत आणि उत्तर आई किंवा मूल सांभाळणारी व्यक्ती देते. यात ‘दिव्यांग’ शब्दच येत नाही. आई फक्त सांगते की लेकराला काय जमतं आणि काय जमत नाही.

२. वाढ मोजायची कशाने?

समजा, मंठा तालुक्यातल्या एका गावात तुम्हाला दीड वर्षाचं मूल भेटलं. जन्मापासून दिसत नाही. अजून रांगत नाही, वस्तू पुढे केली तर हात पुढे करत नाही, फार हसत नाही. तुमच्या हातात विकासाची तपासणी करणारा तक्ता आहे. काय लिहाल?

तक्ता भारतीयच घेऊ. तिरुअनंतपुरमच्या बालविकास केंद्रात १९९१ मध्ये तयार झालेला त्रिवेंद्रम विकास तपासणी तक्ता. शून्य ते दोन वर्षांच्या मुलांसाठी, १७ बाबी, काही मिनिटांत होणारा. त्यातल्या काही बाबी बघा: डोळ्यांनी पेन्सिलीचा माग घेणं, बारीक वस्तू चिमटीत उचलणं, टाळ्यांचा खेळ, चेंडू फेकणं, बाहुलीचे अवयव दाखवणं. आता एक काम करा. यातल्या किती बाबी करायला मुलाला दिसावं लागतं किंवा दुसऱ्याला करताना बघून शिकावं लागतं, ते स्वतः मोजा.

इथे घाईने तक्त्याला नावं ठेवू नका. तक्ता आपलं काम नीट करतो. पेन्सिलीचा माग न घेणारं बाळ लवकर सापडावं, पुढच्या तपासणीला जावं, म्हणूनच ती बाब तिथे आहे. गडबड होते ती पुढच्या पायरीवर. चाळणी म्हणून बनवलेलं साधन आपण बुद्धीचं माप म्हणून वापरतो तेव्हा. ‘पाच बाबी जमल्या नाहीत, म्हणजे मूल एवढे महिने मागे’ असं लिहिलं की आपण एकच गोष्ट, म्हणजे न दिसणं, पाच वेळा मोजतो आणि तिला पाच वेगवेगळ्या उणिवा समजतो. संशोधन पद्धतीच्या पेपरमध्ये ‘वैधता’ म्हणून जी व्याख्या आपण पाठ करतो, ती हीच: साधन जे मोजायचं म्हणतं तेच मोजतं का? आणि वैधता साधनाला कायमची चिकटलेली नसते. ती त्या हेतूपुरती आणि त्या गटापुरतीच असते.

ही अडचण ओळखूनच जोन रेनेल आणि पामेला झिंकिन यांनी १९७०च्या दशकात इंग्लंडमध्ये दृष्टिबाधित लहान मुलांसाठी स्वतंत्र विकासश्रेणी तयार केली. तीत न दिसणाऱ्या किंवा कमी दिसणाऱ्या मुलांशी तुलना करता येते.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. काही मुलांना न दिसण्यासोबत खरोखरच दुसरी अडचण असते. सेरेब्रल पाल्सी असते, ऐकू कमी येतं, किंवा बौद्धिक वाढ मंद असते. २०११च्या जनगणनेत एकापेक्षा जास्त प्रकारच्या अडचणी असलेले सुमारे २१ लाख लोक नोंदले आहेत. ‘दिसत नाही म्हणूनच असं करतंय’ असं म्हणून ती दुसरी अडचण दुर्लक्षिली, तरी नुकसान मुलाचंच. योग्य पट्टी हवी ती दोन्ही चुका टाळायला.

३. दिसत नसेल तर मूल रांगेल कशासाठी?

इथे एक जुना अभ्यास जरूर वाचा. अमेरिकेतल्या सेल्मा फ्रायबर्ग यांनी जन्मापासून न दिसणाऱ्या दहा बाळांचा त्यांच्या घरी जाऊन, महिनोन् महिने अभ्यास केला. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९७७ मध्ये आलं.

त्यांना दिसलं ते असं. मान धरणं, बसणं, हातागुडघ्यांवर शरीर तोलणं या गोष्टी या बाळांनी साधारण इतर मुलांच्याच वयात केल्या. शरीर तयार होतं. पण रांगणं पुढे सरकत नव्हतं. का? दिसणारं बाळ पाच महिन्यांच्या आसपास समोरच्या वस्तूकडे हात नेतं, कारण वस्तू त्याला खुणावते. न दिसणाऱ्या बाळाला वाटेल, आवाज आला की ते तिकडे हात नेईल. तसं होत नाही. आवाज येतोय म्हणजे तिथे हाताला लागेल अशी एक वस्तू आहे, हे कळायला या बाळांना पहिल्या वर्षाचा शेवट उजाडत होता. आणि आवाजाकडे हात नेणं जमल्यावरच रांगणं सुरू होत होतं. कुठेतरी जायचं असेल तर तिथे काहीतरी आहे हे आधी कळायला हवं ना!

दुसरी गोष्ट हसण्याची. ही बाळं आईच्या आवाजाला हसत, पण दिसणाऱ्या बाळासारखं दरवेळी नाही. चेहऱ्यावर भाव कमी दिसतात म्हणून आईला वाटतं, ‘याला माझं काहीच वाटत नाही.’ फ्रायबर्ग यांनी आयांना चेहरा सोडून हाताकडे बघायला शिकवलं. आईचा हात चाचपणारी, तिची बोटं धरणारी, ती बाजूला झाली की रिकामी फिरणारी ती बोटंच बोलत होती. वाचायचं कुठे, एवढंच बदललं.

यातून पालकांना सांगण्यासारख्या गोष्टी निघतात, आणि त्यांना पैसे लागत नाहीत. बाळाला उचलण्याआधी नाव घेऊन सांगायचं. वस्तू ठरलेल्या जागी ठेवायच्या. हातात खुळखुळा देताना वाजवून, हाताला लावून, मग थोडा लांब न्यायचा. भाकरीचं पीठ, ओली माती, ज्वारीचे दाणे, स्टीलची वाटी हे सगळं हाताखालून जाऊ द्यायचं. नवी वस्तू दाखवताना मुलाचा हात धरून ओढायचा नाही. आपला हात वस्तूवर ठेवायचा आणि मुलाचा हात आपल्या हातावर येऊ द्यायचा, म्हणजे कधी पुढे जायचं ते मूल ठरवतं. हात हेच ज्याचे डोळे, त्याचा हात ओढणं म्हणजे दिसणाऱ्याची मान पकडून वळवण्यासारखं आहे. आणि ‘पडेल, लागेल’ म्हणून सतत कडेवर ठेवलेलं मूल मागे पडलं, तर ते न दिसण्यामुळे की कडेवर ठेवल्यामुळे, हा तर थेट संशोधनाचाच प्रश्न झाला.

आता विद्यार्थी म्हणून या अभ्यासाकडे चिकित्सकपणे बघा. नमुना दहाचा. दुसरी अडचण असलेली मुलं मुद्दाम वगळलेली. आणि संशोधक नुसतं बघत नव्हते, तर घरी जाऊन मार्गदर्शनही करत होते. म्हणून ‘सर्व अंध मुले अमुक महिन्याला रांगतात’ असा निष्कर्ष यातून निघत नाही. निघतो तो कार्यकारणाचा एक धागा: हात, मग आवाज, मग हालचाल. लहान नमुन्याचा अभ्यास टक्केवारी देत नाही, यंत्रणा समजावतो. आपल्याकडे ‘सॅम्पल किती?’ एवढंच विचारायची सवय आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतेय.

४. ‘हात लावून बघ’

भाषेचा मुद्दा तर आपल्या मराठीत फारच रंगतो. १९८५ मध्ये बार्बरा लॅंडाउ आणि लीला ग्लाइटमन यांनी न दिसणाऱ्या एका लहान मुलीच्या भाषेवर पुस्तक लिहिलं. तीन वर्षांच्या आसपासच्या त्या मुलीला ‘वर बघ’ म्हटलं की ती मान वर न करता हात वर करायची. डोळ्यांवर पट्टी बांधलेली दिसणारी मुलं मात्र तोंड वर करायची. पुढे त्यांनी तिला ‘स्पर्श कर, पण बघू नकोस’ असं सांगितलं, तर तिने वस्तूला नुसता हात लावला. ‘आता बघ’ म्हटल्यावर हातांनी नीट चाचपून पाहिलं. म्हणजे ‘बघणं’ हा शब्द तिच्यासाठी पोकळ नव्हता. ‘आपल्या मुख्य इंद्रियाने नीट समजून घेणं’ हा अर्थ तिने स्वतः शोधला होता.

आता आपल्या घरातलं बोलणं आठवा. खाऊन बघ, चाखून बघ, वास घेऊन बघ, हात लावून बघ, विचारून बघ. मराठीत ‘बघ’ डोळ्यांपुरतं कधीच नव्हतं! मग जालन्यातल्या न दिसणाऱ्या मुलाला ‘बघ’चा अर्थ इंग्रजी बोलणाऱ्या मुलापेक्षा वेगळ्या वाटेने सापडतो का? त्याच्या आईच्या बोलण्यात ‘बघ’ किती वेळा, कोणत्या क्रियापदाबरोबर येतं? मोबाइलवर संमतीने केलेलं रेकॉर्डिंग, थोडी मुलं, बारकाईने विश्लेषण. भाषाशास्त्र किंवा मराठी विषयात संशोधन करणाऱ्यांनी यावर जरूर विचार करावा.

आणि पालकांनी न दिसणाऱ्या मुलासमोर ‘बघ’ शब्द टाळायची गरज नाही, हेही यातून कळतं.

५. जालन्यात फील्डवर्क करताना

जालना शहरात डोळ्यांच्या उपचाराची सोय जुनी आहे. महिको ही बियाण्यांची कंपनी उभी करणारे बद्रीनारायण बारवाले यांनीच श्री गणपती नेत्रालय उभं केलं. पण डोळ्याचा दवाखाना डोळ्याचं सांगतो. उपचाराने जेवढं होणार होतं तेवढं झाल्यावर घरी परत आलेल्या आईचा प्रश्न वेगळा असतो: “आता याला वाढवू कसं?” तुमचा अभ्यास या दुसऱ्या प्रश्नाचा आहे, हे सिनॉप्सिसमध्ये स्पष्ट लिहा.

वेळापत्रक ठरवताना ऊसतोडीचा हंगाम लक्षात घ्या. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतली अनेक कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. या काळात गेलात तर घराला कुलूप असेल, किंवा मूल आजीजवळ असेल. मग ‘पालक’ कोण? प्रश्नावलीत ‘आईचे शिक्षण, वडिलांचा व्यवसाय’ आहे आणि मूल तर वर्षातले पाच-सहा महिने आजीच वाढवते. फडावर सोबत गेलेल्या न दिसणाऱ्या मुलाची अडचण आणखी वेगळी. ‘ठरलेल्या जागी वस्तू’ हा सल्ला दर हंगामाला बदलणाऱ्या कोपीत कसा पाळायचा? पाश्चात्त्य अभ्यासातला सल्ला उचलून आणण्याआधी हा विचार करावा लागेल. इथे तुमच्या अभ्यासाला खरं नवेपण आहे.

बोलताना “तुमच्या काय समस्या आहेत?” असं विचारलं की समस्यांचीच यादी मिळते. त्याऐवजी कालचा दिवस विचारा. “काल सकाळी उठल्यावर काय काय केलं त्यानं? तुम्ही स्वयंपाक करत होतात तेव्हा ते कुठं होतं?” आजी सांगेल, पायातल्या वाळ्यांच्या आवाजावरून ते कुठं गेलं ते कळतं, चुलीच्या उबेवरून ते स्वतःच लांब सरकतं. हे ज्ञान कुठल्याच तक्त्यात नाही.

६. माहिती आधी की मूल आधी?

एका बाबतीत अजिबात चालढकल नको. लहान मुलाच्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरट डाग किंवा चकाकी दिसली, तर ती टिपणवहीत नोंदवून पुढे जायचं नाही. तो मोतीबिंदू असू शकतो किंवा डोळ्याच्या पडद्याचा कर्करोगही असू शकतो. दोन्हींत उशीर महागात पडतो. त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळांमध्ये १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. आशाताई आणि अंगणवाडीताई यांच्यामार्फत त्या पथकापर्यंत पोचता येतं. दिवस पूर्ण व्हायच्या आधी जन्मलेल्या, वजनाने खूप कमी असलेल्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्याची तपासणी जन्मानंतर साधारण तीस दिवसांच्या आत व्हायला हवी, हेही घरच्यांना सांगा.

उशिराने काय होतं, यावरही भारतातच संशोधन झालं आहे. पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’मध्ये जन्मापासून न दिसणाऱ्या ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांवर उपचार झाल्यावर, हाताला ओळखीची झालेली वस्तू डोळ्यांनी ओळखता येते का, हे तपासलं. २०११ मध्ये निष्कर्ष छापून आले. लगेच ओळखता आलं नाही, पण काही दिवसांतच सुधारणा दिसू लागली. उशिरा का होईना, शिकण्याची दारं पूर्ण बंद नसतात.

संमतिपत्राबद्दल एवढंच. घरचे लोक तुम्हाला ‘सरकारी मॅडम’ किंवा ‘सर’ समजतात. मुलाखत दिली तर पगार सुरू होईल, कार्ड मिळेल अशी आशा धरतात. आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, हे पहिल्या पाच मिनिटांत सांगा. कायद्याने मुलाला काय मिळतं याचा एक कागद सोप्या मराठीत सोबत ठेवा. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, हे अनेक घरांत कोणी सांगितलेलंच नसतं.

७. आता शीर्षक पुन्हा लिहू

‘पालकांच्या समस्यांचा चिकित्सक अभ्यास’ याऐवजी हे तीन प्रश्न बघा:

१. जन्मापासून न दिसणाऱ्या ० ते ६ वर्षांच्या मुलांना घरात हातांनी वस्तू हाताळण्याच्या कोणत्या संधी मिळतात, आणि त्यांचा स्वतःहून हालचाल सुरू होण्याशी काय संबंध दिसतो?

२. हंगामी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांत न दिसणारं मूल कोण सांभाळतं, आणि सांभाळणारी व्यक्ती बदलली की मुलाच्या दिनक्रमात काय बदलतं?

३. प्रमाणपत्रांच्या यादीतून आणि घरोघरी कार्यात्मक प्रश्न विचारून सापडलेली मुलं यांच्यात काय फरक आहे?

तिन्हींत ‘नेमकं काय मोजणार’ याचं उत्तर आहे. कोणताही घेतलात तरी साधन निवडताना, प्रत्येक बाबीसमोर पेन्सिलीने एकच प्रश्न लिहा: हे करायला दिसावं लागतं का? उत्तर ‘हो’ असेल तर ती बाब मुलाची समज मोजत नाही, डोळे मोजते. डोळ्यांचं तर आपल्याला आधीच माहीत आहे.

तुमचं शीर्षक तयार असेल तर या कसोटीवर घासून बघा, मगच गाइडकडे न्या.